बोकडाच्या पोटातला कोड

एका गावात एक शेट होता, आणि त्याच्या दुकानाला ना भिंत होती ना छप्पर. गावाचं नाव चिंचखरी, शेटचं नाव माणकोजी, आणि दुकान होतं लोकांच्या मोबाईलमध्ये. बोटानं दाबलं की उघडायचं. आत हारीनं ॲप मांडलेली. कोंबड्यांना खुराड्यात बोलावणारं ॲप, ताक आंबलंय की नाही ते वासावरून सांगणारं ॲप, रुसलेल्या जावयाची समजूत काढणारं ॲप. हे शेवटचं दिवाळीत इतकं चालायचं की मोबाईल तापून त्यावर पापड भाजून निघत. खोटं वाटत असेल त्यानं चिंचखरीतल्या कुठल्याही सासूला विचारावं.

शेटला दुकानाच्या दर्शनी भागाचा भारी सोस. रोज सकाळी आंघोळ झाली की नवा माल पुढं, कालचा मागं. एकदा विकलेल्या मालाची तर त्याला आठवणही नको असे. कुणाचा मोबाईल फुटला किंवा हरवला आणि आधी घेतलेलं ॲप नव्या मोबाईलवर परत हवं असलं, तर त्यासाठी दुकानात एक दार होतं. पण ते शेटनं सात पानांच्या मागं, राखाडी पाटीवर राखाडी अक्षरांत लपवलेलं. ज्याला सापडायचं नाही तो कंटाळून तीच वस्तू पुन्हा विकत घ्यायचा. शेटचा कारभारी दगडूअप्पा याला ‘दुबार पीक’ म्हणायचा आणि मिशीत हसायचा.

एके दिवशी दुपारी हौसाक्का शेटच्या माडीवर आली. ती शेळ्या राखायची. गेल्या साली तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज कुजबुजीएवढाच उरला. शहाणी बाई. ऑपरेशनच्या आधी तिनं शेटच्या दुकानातून हाकांचं ॲप घेतलं होतं, आणि एकेका जनावराची हाक आपल्या आवाजात त्यात भरून ठेवली होती; त्याची एक नक्कल दुकानातही राहायची. तेव्हापासून तिचा कळप डोंगरावरून उतरायचा तो मोबाईलच्या हाकेवर.

“शेट, माझ्या हाका गेल्या,” ती कुजबुजली.

“कुठं गेल्या?”

“बोकडाच्या पोटात.”

झालं होतं असं, की मोबाईल फडक्यात भाकरीशेजारी बांधलेला. कळपातला मोठा बोकड आला आणि भाकरी, फडकं, मोबाईल सगळं एका घासात गिळून ढेकर देऊन मोकळा झाला. आता कळप वाघजाळीच्या डोंगरावर उधळला होता. बोकड पुढं, शेळ्या मागं. आणि त्याच डोंगराच्या वरच्या कपारीत आठ दिवसांपासून बिबट्या मुक्कामाला होता. ऊन उतरायच्या आत शेळ्या खाली आल्या नाहीत तर उद्या त्यातल्या किती दिसतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

“एवढंच ना!” शेट म्हणाला. “हेच ॲप नवं घ्या. तुमच्यासाठी अर्ध्या किमतीत.”

“नव्यात आवाज कुणाचा, शेट?”

शेट टोपी सारखी करू लागला.

“नवं रिकामं असतं. मला माझंच पाहिजे. भावजयीचा मोबाईल मागून आणला, तुमच्या दुकानात ते परत मिळायचं दार शोधलं. अख्खी सकाळ गेली. सापडलं, तर ते कोड मागतंय.”

“मग टाका की कोड.”

“कोड येतोय कुठं ते बघा तरी!”

“तुम्हाला जमत नाही एवढंच. दुकान माझं आहे. इकडं द्या.”

शेटनं मोबाईल हातात घेतला. पहिल्या पानानं त्याला काकडीच्या बियाण्याचं ॲप दाखवलं. दुसऱ्यानं सणाची सवलत देऊ केली. तिसऱ्यानं विचारलं, “तुम्ही माणूस आहात का? चित्रातले सगळे बैल ओळखा.” शेटनं एका म्हशीला बैल ठरवलं, आणि पानानं त्याला उचलून पुन्हा काकडीपाशी नेऊन ठेवलं. चारदा असं झालं. शेटच्या टोपीतून घाम ठिबकू लागला.

“हा चावटपणा केला कुणी?” तो ओरडला.

“तुम्हीच, शेट,” दगडूअप्पा म्हणाला. “मागच्या पाडव्याला.”

शेवटी चष्मा पुसून, पुन्हा पुसून, शेटला ती राखाडी अक्षरं दिसली. त्यानं विजयी मुद्रेनं त्यावर बोट ठेवलं. लगेच अक्षरं उमटली: ‘तुमच्या जुन्या मोबाईलवर कोड पाठवला आहे. तो इथे लिहा.’

आणि डोंगरावरून आवाज आला, “टिंग!”

माडीच्या खिडकीतून सगळा डोंगर दिसत होता. मोठा बोकड हातभर उंच उडाला. आपल्याच पोटाकडं त्यानं संशयानं पाहिलं आणि जी धूम ठोकली ती वरच्या टेकाडापर्यंत. शेळ्या त्याच्या मागं.

“कोड नीट गेला नसेल,” म्हणत शेटनं पुन्हा दाबलं.

“टिंग!”

बोकड आणखी वर.

“बास करा, शेट!” हौसाक्कानं मोबाईल ओढूनच घेतला. “सकाळपासून मी चारदा दाबलं. नाहीतर माझ्या शेळ्या खाली ओढ्याकाठी चरत होत्या. तुमच्या कोडानंच चढवलंय त्यांना तिथवर.”

शेट खिडकीशी उभा राहिला. हरवलेल्या मोबाईलचा कोड हरवलेल्या मोबाईलवरच पाठवायचा, ही शक्कल त्याचीच होती. तेव्हा ती त्याला फार हुशारीची वाटली होती. आता बोकड आणि कपार यांच्यात तीन-चार पळसाची झाडं काय ती उरली होती.

दगडूअप्पा कानाशी लागला. “शेट, एकीला असंच दिलंत तर उद्या अख्खं गाव जुनं परत मागायला येईल. मग नवं कोण घेणार?”

एरवी शेटनं मान डोलावली असती. पण समोर एक बाई आपल्याच हाका मागत उभी होती, आणि त्या त्याच्याच दुकानात पडून होत्या. त्या त्याच्या काही कामाच्या नव्हत्या. तिच्या मात्र सगळ्या संसाराच्या होत्या.

“आक्का, तो कोड गेला खड्ड्यात,” तो म्हणाला. “पण तुम्ही म्हणजे तुम्हीच, हे दुकानानं ओळखायचं कसं?”

“हाकांची नावं असतील ना तुमच्याकडं लिहिलेली? विचारा मला. माझं मलाच ठाऊक.”

शेटनं यादी उघडली. बावीस नावं होती. हौसाक्कानं डोळे मिटले आणि कुजबुजत सुरू झाली.

“टिकली. भिंगरी. कवडी. मोरी. पाडव्याला झाली ती पाडवी. तिच्या मागून दुसऱ्या दिवशी झाली ती शिळी. साखरी, लंगडी, नकटी, सवतीसारखी भांडते ती सवत…”

शेट बोटानं यादीवरून खाली येत गेला. एकही नाव चुकेना. एकविसावं झालं आणि हौसाक्का थांबली.

“बाविसावं?” शेटनं विचारलं.

“राहू द्या. एकवीस आल्या तरी चालतील.”

“आक्का, वेळ चाललीय. बाविसावं बोला!”

तिनं पदर तोंडाशी धरला. “माणकोजी.”

शेटनं यादीत पाहिलं. बाविसावं नाव ठळक लिहिलेलं होतं. माणकोजी. दगडूअप्पाला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

“हा तोच बोकड? मोबाईल गिळला तो?”

“तोच.”

“आणि त्याला माझं नाव का?”

हौसाक्का खाली बघत म्हणाली, “दिसेल ते गिळतो, शेट. आणि एकदा पोटात गेलं की परत देत नाही.”

शेटचा चेहरा आधी तांबडा झाला, मग जांभळा. दगडूअप्पानं जिन्याकडं एक पाऊल सरकवूनही ठेवलं. आणि मग शेटला जे हसू फुटलं, त्यानं छपरावरची चार कौलं घसरली.

“पटली ओळख!” डोळे पुसत तो म्हणाला. “याहून पक्का पुरावा कुठला कोड देणार?”

त्यानं आपल्या हातानं दार उघडलं. हाका भावजयीच्या मोबाईलवर उतरल्या. हौसाक्कानं खिडकीबाहेर हात काढून बटण दाबलं, आणि तिचा जुना, खणखणीत आवाज ओढा ओलांडून डोंगराला जाऊन थडकला.

“टिकलेऽऽ, ये गं! भिंगरेऽऽ, कवडेऽऽ!”

हौसाक्काचा हात नकळत गळ्याशी गेला. वर पळसाखाली टिकलीनं कान टवकारले. ती वळली. मग भिंगरी वळली, मग सगळ्याच. धबधब्यासारखा कळप खाली सुटला. बिबट्यानं कपारीतून तोंड बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या वाट्याला नुसती धूळ आली. म्हणतात की तो शिंकला, आणि ती शिंक पलीकडच्या गावात ऐकू गेली.

शेवटची हाक उरली.

“माणकोजीऽऽ! ये रे मेल्या, घरला ये!”

“आलो!” शेटच्या तोंडून निघून गेलं.

बोकडही आला. बावीसच्या बावीस आली.

दुसऱ्या दिवशी शेटनं सगळं दुकान नव्यानं मांडलं. अगदी पहिल्या पानावर, पांढऱ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘तुम्ही आधी घेतलेलं इथं आहे.’ आंधळ्या कोडाला रजा दिली. ज्यानं घेतलं त्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं, आणि नाहीच आठवलं तर दोन शेजाऱ्यांचा शब्द घ्यायचा, असं ठरलं. दगडूअप्पानं दुबार पिकाचं आठवडाभर सुतक पाळलं. पण पुढं भलतंच झालं. एरवी ‘मोबाईल पडला की सगळं पाण्यात’ म्हणून ज्यांनी कधी काही घेतलं नव्हतं, ती म्हातारी माणसंसुद्धा हौसेनं ॲप घेऊ लागली. आपलं आहे ते आपलंच राहणार, मग भीती कसली?

चौथ्या दिवशी हौसाक्काचा जुना मोबाईल बोकडाकडून नैसर्गिक वाटेनं परत आला. फडक्यासकट. बॅटरी अजून दोन काड्या शिल्लक, आणि वर सहा कोड ओळीनं उभे. तिनं तो राखेनं घासला, धुतला, आणि घंटा म्हणून बोकडाच्याच गळ्यात बांधला.

बोकडाचं नाव बदलते म्हणून ती शेटला सांगायला गेली, तर शेट म्हणाला, “नको, आक्का, राहू द्या. रोज संध्याकाळी ती हाक कानावर पडली की माझं दुकान ताळ्यावर राहतं.”

तात्पर्य: गिऱ्हाइकानं एकदा घेतलेली वस्तू त्याला चटकन सापडावी आणि हरवली तर सहज परत मिळावी, याची काळजी घेणाऱ्याच्याच दुकानात लोक निर्धास्तपणे पुन्हा येतात.