येसबाचं हसू

“पण पाद्रीबाबा, मग येसबा हसला का?”

राजे सुभानरावांनी पुन्हा तेच विचारलं. पाद्रीबाबा म्हणजे त्यांना लहानपणी इंग्रजी शिकवणारे गुरुजी. आता म्हातारपणी मिशनच्या बंगलीमागे पेरूची झाडं राखत होते.

आदल्या दिवशी मेजवानीत पाहुणा साहेब राजांकडे बघून आपल्या मडमेला म्हणाला होता, ‘रीगल’. आणि राजांच्या पाठीशी उभा असलेला येसबा गालात हसला होता.

राजांचं ताट आधी चाखायचं, हे येसबाचं काम. चुलत्यांना जेवणातून विष घातलं गेलं, तेव्हापासून राजे त्याच्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच. पण राजे आता रिकामी वाटीही फुंकू लागले होते.

“शब्द लॅटिनमधून आलाय,” पाद्रीबाबा म्हणाले. “रीगल म्हणजे राजाला शोभेल असं.”

“राजालाच म्हणतात?”

“कुणालाही. चालण्यात डौल असेल तर म्हाताऱ्या बैलालासुद्धा.”

“म्हणजे थट्टाच.”



राजे मागे उभ्या असलेल्या येसबाकडे गर्रकन वळले. “येसबा, का हसलास?”

“सरकार, शब्द काय मला कळला नाही. साहेब आपलं कौतुक करतोय असं वाटलं. बरं वाटलं, म्हणून हसलो.”

इतकं साधं उत्तर राजांना खरं वाटेना. साहेबाने याला फितवलंय, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं.

“आज दिवस मावळायच्या आत बायकापोरं घेऊन संस्थानाबाहेर हो.”

येसबाचे डोळे भरून आले. त्याने मुजरा केला. राजांनी पाठ फिरवली.

पाद्रीबाबा उठले, झाडाचा एक पेरू तोडला आणि राजांच्या हातावर ठेवला.

राजांनी सवयीने तो मागे धरला.

येसबाने कमरेची सुरी काढली. राजांची पाठ त्याच्याकडेच होती. त्याने पेरूची एक फोड कापली, चावली, गिळली. जरा वेळ थांबला.

“गोड आहे, सरकार.”

राजे निर्धास्त खाऊ लागले. कालच्या त्या हसण्यापासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

पाद्रीबाबांनी त्यांना पोटभर खाऊ दिलं.

“राजे… संशय कुणावर आहे म्हणालात?”