केरबाचा वाटा

डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं आणि त्या गावात ठकूबाई नावाची एक बाई राहायची. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट माणसाची गोष्ट ऐकायला सोपी असते. ऐकणारा मनात म्हणतो, मी काही असला नाही बाबा, आणि सुटतो. या गोष्टीत तसं सुटता येत नाही.

ठकूबाईच्या घरात माणसं चार. ती, तिचा नवरा केरबा, मुलगा अर्जुन आणि सून शेवंता. दारात तीस शेळ्या. शेळ्यांवर घर चालायचं आणि बरं चालायचं.

गावात एक जुनी रीत होती. चैत्रातल्या जत्रेला चार-पाच घरं मिळून एक बोकड घेत. गावचा मुलाणी इमाम तो कापायचा आणि पानांवर सारखे वाटे घालायचा. प्रत्येक वाटा एका कर्त्या माणसाच्या नावाचा. घरातले सगळे त्यातच जेवायचे, पण ज्याचा वाटा त्याच्या ताटात पहिला तुकडा पडेपर्यंत दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. रीत होती, एवढं पुरे होतं.

एका वर्षी जत्रेच्या तोंडावर केरबाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. डॉक्टरांनी मटण बंद केलं. जत्रेच्या दिवशी इमाम केरबाचा वाटा घेऊन घरी आला, तेव्हा केरबा अंथरुणातून बोबडं बोलला, "ठेव. बरा झालो की खाईन."

नवरा बरा व्हायची गोष्ट करतोय, यानंच ठकूबाईचा जीव सुपाएवढा झाला. तिनं वाटा दोन पिशव्यांत बांधला आणि इमामच्या दुकानात नेला. दुकानात वरून झाकण उघडायचा मोठा फ्रीज होता, कोल्ड्रिंकवाल्यानं मोडीत काढलेला. त्यात ठेवलेलं दगडासारखं गोठायचं.

"इमाम, हे यांचं हाय. बरं झाल्यावर खातील. तोवर ठेव बाबा."

"ठेवतो की मावशी. काका स्वतः न्यायला येतील," इमाम म्हणाला.

काका आले नाहीत. ज्येष्ठ संपता संपता केरबा गेला.

तो अडीच महिने अंथरुणात होता. त्याला कुशीवर वळवायचं, धुवायचं, पेज भरवायची, हे सगळं शेवंतानं केलं. तेव्हा तिला नुकतेच दिवस गेले होते. उलटी आली की मागच्या दारी जायची, तोंड धुवायची आणि परत वाटी हातात घ्यायची. ठकूबाई उशाशी बसून रडायची. रडणं खोटं नव्हतं. पण रडून अंथरूण धुतलं जात नाही, ते दुसऱ्या कुणाला तरी धुवावं लागतं.

भाद्रपदात शेळ्यांना रोग आला. तोंडाला फोड, नाकाला शेंबूड, पाण्यासारखी हगवण. आठ दिवसांत तिसातल्या एकोणतीस गेल्या. खड्डे खणायला अर्जुन एकटा कुठं पुरणार? शेवंता पोटाला पदर घट्ट बांधून त्याच्याबरोबर माती ओढत होती. दहा गावांत असंच झालं. जनावरांचा बाजार बंद पडला. मेलेल्याचं खाऊ नका म्हणून दवंडी झाली. परड्यातल्या कोंबड्या लोकांनी दिवाळीपर्यंत खाऊन संपवल्या. दिवाळीनंतर अर्जुन लांबच्या कारखान्यावर ऊसतोडीला गेला.

इमामचंही दुकान बसलं. तो खाणीवर दगड फोडायला जाऊ लागला. फ्रीज रिकामा झाला, ठकूबाईचं पुडकं तेवढं तळाशी राहिलं. तरी इमामनं फ्रीज बंद केला नाही. वीज गेली की वर पोती टाकायचा, गोधड्या टाकायचा. त्याची बायको म्हणाली, "एवढ्याशा पुडक्यासाठी?"

"शब्द दिलाय," इमाम म्हणाला.

ठकूबाई येता-जाता दुकानात डोकवायची. "थंड हाय न्हवं?" एवढं विचारायची आणि पुढं जायची. इमामच्या हाताला घट्टे पडलेत, त्याच्या घरी चूल कशावर पेटते, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. दुःखानं माणूस आंधळा होतो म्हणतात. मला तर वाटतं, दिसत असतं सगळं, पण बघवत नाही.

माघात शेवंता बाळंत झाली. मुलगी झाली. रक्त फार गेलं. गावात येणारी नर्स शेवंताच्या पापण्या ओढून बघायची आणि तोंड वाईट करायची.

"अंगात रक्तच नाही हिच्या. गोळ्या पोटात ठरत नाहीत. दूध उतरत नाही. अहो, मटणाचा रस्सा द्या, कलेजी द्या, काहीतरी अंगी लागेल असं द्या."

"कुठनं आणू बाई? दहा गावांत शेळी न्हाई," ठकूबाई म्हणाली.

ते खरंच होतं. उरलेली एक शेळी आटलेली. तालुक्यावरून डब्याचं दूध आणलं, ते बाळाला पचेना. शेवंताची नखं कागदासारखी पांढरी झाली.

नर्स बोलून गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी इमाम दारात येऊन उभा राहिला. पायातल्या चपला काढल्या नाहीत, आतही आला नाही.

"मावशी, पुडकं काढू का? चांगलं हाय अजून. मी बघितलं."

ठकूबाईला कळलं तो कशाबद्दल बोलतोय. तिनं मान हलवली.

"तो यांचा वाटा हाय. वर्षश्राद्धाला यांच्या पानात पडल्याबिगर कुणाच्या तोंडात जायचा न्हाई."

"काका तर गेले, मावशी."

"गेले म्हणून भूक गेली व्हय त्यांची? बरा झालो की खाईन म्हणाले होते. माझ्याजवळ मागितलेली शेवटची गोष्ट ती. ती बी मोडू?"

तिचा आवाज फुटला. इमाम माघारी गेला. शेवंता आत बाजेवर होती. पडदा पातळ होता, तिला सगळं ऐकू आलं. तिनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

फाल्गुनात बाळ गेलं. बारसंही झालं नव्हतं.

रश्शाच्या दोन वाट्यांनी ते वाचलं असतं का? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, त्या नर्सलाही नाही. देऊन बघता आलं असतं. ते बघितलं नाही, एवढं मला माहीत आहे.

बाळ गेल्यावर शेवंता उठली आणि कामाला लागली. पाणी आणायची, भाकरी टाकायची, मधेच भिंत धरून उभी राहायची. ठकूबाई तिला म्हणायची, "बस जरा." बसली की काम कोण करणार, हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून शेवंता बसायची नाही. चैत्रात गावची जत्रा आली आणि गेली. बोकड नव्हता, देवीला नारळ फोडून लोक घरी गेले.

मग ज्येष्ठात केरबाचं वर्षश्राद्ध आलं. अर्जुन घरी परतला होता. त्या गावात वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढत, मग ते मटण का असेना. पान भिंतीवर ठेवायचं, कावळा शिवला की घरानं जेवायचं. कावळा शिवेपर्यंत घरातल्यांनी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिली, असं समजत.

इमामनं सकाळी पुडकं आणून दिलं. बर्फ इतका घट्ट होता की पिशवी फाडून काढावी लागली. ठकूबाईनं ते कोमट पाण्यात सोडलं, हळद-मीठ लावलं, कांदा-खोबरं चुलीत भाजून पाट्यावर वाटलं. केरबाला आवडायचं तसं काळं तिखट घातलं. रस्सा उकळायला लागला तसा वास घरभर पसरला, मग गल्लीत गेला. दिवाळीपासून त्या गल्लीत असा वास आला नव्हता. लोक कामं टाकून दारात येऊन उभे राहिले. चुलीपुढं बसून ठकूबाईला वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं. तिला वाटलं, दिलेला शब्द पाळला. आता ते जेवतील.

पान वाढलं. पहिला तुकडा त्यात टाकला. अर्जुननं पान परसातल्या भिंतीवर ठेवलं आणि हात जोडले. घरचे, शेजारचे, इमाम, सगळे लांब सरकून उभे राहिले.

कावळा आला नाही.

अर्जुन "काव काव" करून दमला. ऊन डोक्यावर आलं. कुणीतरी सांगितलं, पलीकडच्या माळावर जनावर पडलंय, सगळे कावळे तिकडं गेलेत. शेजारचे म्हातारे तातोबा म्हणाले, "तसं नसतं. इच्छा राहिली आसंल केरबाची. ठकू, शब्द दे त्याला."

ठकूबाई भिंतीपुढं गेली. "अर्जुनला जपीन हो," ती म्हणाली. कावळा नाही. "पुन्हा शेळ्या करीन. तुमची दावण मोडू देणार न्हाई." कावळा नाही. "देवीला बोकड देईन पुढच्या साली." आभाळ रिकामंच. बाईनं देवाचं नाव घेतलं, मुलाचं घेतलं, शेळ्यांचंसुद्धा घेतलं. सुनेचं नाव तिच्या तोंडात एकदाही आलं नाही.

दुपार कलली. शेवंता पहाटेपासून उपाशी होती. पाणी भरून झालं होतं, पाटा धुऊन झाला होता, पन्नास भाकरी थापून झाल्या होत्या. ती मागच्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. टेकल्या टेकल्या खाली घसरली आणि बसली. मान एका बाजूला पडली. अर्जुन धावला, तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले, पण ओठ पार पांढरे.

"आई, हिला काहीतरी देऊ का खायला?" अर्जुननं विचारलं.

सगळे ठकूबाईकडं बघायला लागले. तातोबा म्हणाले, "कावळा शिवल्याबिगर कसं? केरबा उपाशी राहील कायमचा."

ठकूबाई भिंत आणि दार यांच्या मधोमध उभी राहिली. एकीकडं नवऱ्याचं पान, एकीकडं सून. तिला केरबाचे शेवटचे दिवस आठवले. शेवंता त्याला पेज भरवायची तेव्हा अर्धी वाटी झाली की केरबा तोंड फिरवायचा आणि डाव्या हातानं वाटी शेवंताच्या पोटाकडं ढकलायचा. रोज. ठकूबाईनं ते डोळ्यांनी बघितलं होतं आणि सुनेवरच डाफरली होती, "नीट भरवत न्हाईस, म्हणून टाकतात ते." केरबानं आपला घास कुणाला द्यायचा हे जिवंतपणीच दाखवलं होतं. तिनं त्याचं तोंडचं बोलणं तेवढं धरून ठेवलं होतं.

ती भिंतीपाशी गेली. पान दोन्ही हातांनी उचललं. तातोबा काहीतरी बोलत होते, तिनं ऐकलं नाही. दारात येऊन शेवंतापुढं मांडी घालून बसली, पान तिच्या पुढ्यात ठेवलं आणि पहिला तुकडा, केरबाच्या नावाचा, भाकरीत धरून तिच्या तोंडाशी नेला.

"खा," ती म्हणाली. "त्यांचं सगळं तू केलंस. शेळ्या तू पुरल्यास. हे घर वर्षभर तू ओढलंस. मी तुला बाई एका शब्दानं बरं म्हणाले न्हाई. तू होतीस म्हणून आम्ही आज चुलीपुढं बसलोय. खा."

ती रडत होती आणि ते मनापासून होतं. इमामकडं वळून तिनं त्यालाही जवळ बोलावलं, त्याच्या हाताकडं बघितलं, त्याचे घट्टे बघितले. "तुझं बी पान वाढते रे बाबा," म्हणाली. मग अर्जुनलाही बसवलं. जमलेल्यांना वाटलं, चला, वाईट साल संपलं. दोन-चार बायकांनी डोळे पुसले.

शेवंतानं घास घेतला. चावला, गिळला. दुसरा घेतला. वाटीभर रस्सा प्यायली. थोडा वेळ गेला आणि तिच्या ओठांवर जरा रंग आल्यासारखा झाला. मग तिनं सासूकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. लहान मूल विचारतं तसं तिनं सरळ विचारलं.

"आत्या, हे माघात दिलं असतं तर?"

ठकूबाईच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो तिनं पानात ठेवला. मग तिनं रश्शाची वाटी पुन्हा भरली आणि शेवंतापुढं सरकवली. शेवंतानं ती संपवली, कारण तिला भूक होती.

शेवंता पुढं बरी झाली. तो प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही. ठकूबाई मात्र मरेपर्यंत रोज सुनेला आधी वाढायची आणि वाढताना तिच्याकडं बघायची नाही.

तात्पर्य: वाईट दिवसांत ज्यानं आपल्याला सावरलं, त्याचे उपकार त्याला भूक असते तेव्हाच फेडावेत. मेलेल्यासाठी जपून ठेवलेला घास जिवंत माणसाच्या तोंडचा असतो, आणि उशिरा वाढलं तर पोट भरतं, पण गेलेलं परत येत नाही.