वज्रकेतू राजाची झोप

एका राज्यात कंबर कसल्यावाचून कोणी कामाला हात लावत नसे. नांगर धरायचा तर शेला कमरेला करकचून बांधायचा, ताक घुसळायचे तरी बांधायचा, इतकेच काय, जेवायला बसतानाही बांधायचा. पोट आवळून कुणाला घास गोड लागतो? पण वज्रकेतू राजाची तशी आज्ञा होती आणि तो स्वतः ती सर्वांआधी पाळी.

या राजाने कूटदंत नावाच्या जादूगाराला आळशी म्हणून हाकलून दिले. जाता जाता कूटदंताने राजाची झोप काढून घेतली, डबीत कोंडली आणि तो नदीपलीकडे गेला. मग राजा कंबर कसून झोपायला जाऊ लागला. डोळे गच्च मिटी, दात आवळी, अंथरुणाशी झुंज घेई. झोप काही येईना. त्याचे अंग वाळले. राजवैद्य म्हणाले, "पौर्णिमेच्या आत झोप आली नाही, तर महाराज वाचत नाहीत."

राजाची लेक कुमुदिनी आईवेगळी. बापाशिवाय तिला जगात कोणी नव्हते. तिने शेला बांधला आणि कूटदंताच्या मागावर नदीची वाट धरली.

नदीकाठी साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, तीन कामे आहेत. नदी ओलांड, डबी मिळव, झोप बापाच्या डोळ्यांत घाल. तिसरे सर्वांत अवघड."

नदी मंतरलेली होती. कुमुदिनी जितक्या जोराने हात मारी, तितकी नदी तिला मागे लोटी. अखेर ती दमली. शेला सुटून वाहून गेला आणि ती पाण्यावर नुसती उताणी पडून राहिली. नदीने तिला अलगद पैलतीरी नेऊन ठेवले.

कूटदंत कड्याच्या टोकाशी बसला होता. "डबी हवी? घे ओढून," तो म्हणाला. ती ओढू लागली, तोही ओढू लागला. तिला नदी आठवली. तिने हात सोडले. कूटदंत आपल्याच जोराने मागे कोलमडला, दरीत गेला आणि तिथे त्याचा धोंडा झाला. त्याच्या हातून कड्यावरच निसटलेली डबी घेऊन कुमुदिनी पुन्हा तशीच तरंगत नदीपार झाली आणि धावतच घरी आली.

भरदुपारी दरबारात डबी उघडली. झोप बाहेर आली. शेवरीच्या कापसाची म्हातारी उडते ना, तेवढीच ती, पांढरी आणि हलकी. राजाने कंबर कसून झडप घातली. हाताच्या वाऱ्याने ती दूर गेली. सेनापती धावला, तशी ती छताला जाऊन टेकली.

"बाबा, तिला सोडून द्या," कुमुदिनी म्हणाली.

"सोडायलाच तर सारा जोर लावतो आहे, पोरी," राजा म्हणाला, आणि त्याला रडू आले.

यापुढे काय करावे, ते कुमुदिनीलाही ठाऊक नव्हते. थकून ती सिंहासनाशी बसली, बापाच्या मांडीवर डोके टेकले आणि तिला गाढ झोप लागली.

राजाने खाली पाहिले. लेकीच्या केसांत नदीची वाळू होती, तळहात सोलवटले होते. पोर जागी होईल म्हणून तो हलेना. सेनापती काही बोलू लागला, त्याला राजाने डोळ्यांनीच गप्प केले. लेक सुखरूप परत आली, एवढेच त्याच्या मनात उरले. आपल्याला झोपायचे आहे, हे तो पार विसरला.

तेव्हा ती पांढरी म्हातारी तरंगत खाली आली आणि त्याच्या पापणीवर बसली.

थोड्या वेळाने राजा घोरू लागला. राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि हळूच म्हटले, "वाचले महाराज." सारा दरबार चवड्यांवर चालत बाहेर पडला. कूटदंताची जादू सरली, राज्य सावरले. बापलेकीला जशी झोप लागली, तशी ऐकणाऱ्यांनाही लागो.