तांबजाईची नथ

आंबळदऱ्याच्या डोंगरावर तांबजाईचे देऊळ आहे. नवरात्रात तिथे गेलात तर देवीच्या डोक्यावर आडव्या काठीला दोऱ्यांनी टांगलेल्या कडाकण्या दिसतील. गव्हाच्या पिठात गूळ घालून लाटलेल्या, तेलात कडक तळलेल्या. साध्या गोल पुऱ्या तर असतातच, शिवाय वेणी, फणी, ठुशी, पाटल्या, कमरपट्टा, जोडवी असे सगळे दागिने पिठाचे असतात. चांदीचा गुंजभर दागिना देवीच्या अंगावर नसतो. आणि पिठाच्या त्या सगळ्या साजात नथ कुठेच नसते. नऊ दिवस तांबजाईचे नाक मोकळे असते.

देवळाच्या दारात देवस्थान समितीने संगमरवरी पाटी बसवली आहे. पूर्वी दुष्काळात बयाजी पाटलांनी देवीचे दागिने विकून गाव जगवले, असे तिच्यावर सोनेरी अक्षरांत कोरले आहे. पायरीवर बसणारी हौसाबाई गुरव येणाऱ्याजाणाऱ्याला आधीच सांगते, "ती पाटी वाचू नगा. चार वर्सांपूर्वीची हाय ती. बसा, म्या सांगते."

आणि मग ती जे सांगते ते असे.

फार पूर्वी या भागात लागोपाठ दुष्काळ पडले. ओढे आटले, जनावरे चाऱ्यावाचून मेली, माणसे उंबराची फळे आणि निवडुंगाची बोंडे खाऊन दिवस काढू लागली. देवळाच्या खालच्या अंगाला गावाने विहीर खणायला घेतली होती. वडारी कामावर होते. पहारीला ओली माती लागू लागली होती, म्हणजे पाणी जवळ होते. पण वडाऱ्यांना घालायला गावात दाणा उरला नव्हता. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "दसऱ्यापतुर थांबतो. मग पहारी उचलणार. उपाशी माणसाच्या हातनं खडक फुटत न्हाई." त्याचे काही चुकत नव्हते. वडारी गेले की विहीर तशीच राहणार होती, आणि विहीर अर्धी राहिली की गाव ओस पडणार होते.

गावात तेल्याच्या घरची ठकूबाई होती. नवरा मागेच गेला होता. तीळ-करडई नसल्यामुळे घाणा बंद पडला होता. तरी देवीच्या दिव्याचे तेल तिने एका गाडग्यात जपून ठेवले होते, कारण देवीच्या कडाकण्या तळण्याचा मान तिच्या घरचा. बाई तोंडाची फटकळ. गावात असा माणूस नव्हता ज्याच्याशी ती एकदा तरी भांडली नव्हती, आणि असाही नव्हता ज्याने तिच्या हातची कडाकणी खाऊन बोटे चाटली नव्हती.

ठकूबाई पाटलांच्या ओसरीवर गेली आणि म्हणाली, "पाटील, देवीची पेटी उघडा. चांदी बाजारात न्या आन् वडाऱ्यांस्नी दाणे आणा."

बयाजी पाटील वाईट माणूस नव्हता, असे हौसाबाई आवर्जून सांगते. भित्रा होता. भित्र्या माणसाच्या हाती किल्ल्या असल्या की तो त्यांना धर्म म्हणतो. पाटील म्हणाला, "नवरात्र तोंडावर आलंय. आईला उघड्या अंगानं घटी बसवू व्हय?"

"म्या सजवते. एक दागिना कमी पडू द्यायची न्हाई."

"कशानं?"

"पिठानं."

ओसरीवरचे लोक हसले. ठकूबाई हसली नाही. ती तिथेच नवस बोलली. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत पिठाचा एकही दागिना खाली पडला, तर देवीने नाही म्हटले असे समजायचे. मग चांदीला कोणी हात लावायचा नाही आणि ठकूबाईने घाणा मोडून गाव सोडायचे. एकही पडला नाही, तर दसऱ्याला पाटलाने पेटी उघडायची. पाटील कबूल झाला. त्याला वाटले, दमट हवेत कडाकणी किती दिवस टिकणार?

ठकूबाई घरोघर फिरली. म्हणे कुणी मूठभर गहू दिला, कुणी चिमूटभर ज्वारीचे पीठ, कुणी डब्याच्या तळाची बाजरी झटकून दिली. ज्या घरचे पाणी एरवी दुसऱ्या घराला चालत नव्हते, त्या घरांचे पीठ एका परातीत पडले. कुणीतरी कुजबुजले, हे कालवलेले पीठ देवीला कसे चालेल? ठकूबाई म्हणाली, "तिला इचारून या. तवर म्या मळते."

कडाकणी करायला सोपी. गुळाचे पाणी करायचे, ते पुरते निववायचे आणि त्यात पीठ घट्ट मळायचे. ओल्या फडक्याखाली जरा मुरवायचे, पातळ लाटायचे, दोऱ्यासाठी भोक आधीच पाडायचे आणि मंद आचेवर तळायचे. घाई केली की वरून तांबूस आणि आतून मऊ राहते. गूळ जास्त झाला तर रंग सुरेख येतो, वासही सुटतो, पण अशी कडाकणी हवेतला ओलावा ओढते, ढिली पडते आणि भोकापाशी तुटते. हे ठकूबाईला झोपेतही ठाऊक होते.

तिने ठुशीचे मणी वळले. सुरीच्या टोकाने फणीचे दाते कापले. बोटावर पीठ मुरडून वेणी घातली. पाटल्या, कमरपट्टा, जोडवी झाली. शेवटी नथ राहिली आणि पीठ संपले. तिने परात खरवडली, त्यात गुळाचे मडके धुऊन घेतले आणि तेवढ्या पिठाची नथ केली. तेलातून निघाली ती तांब्यासारखी लाल. ठकूबाई तिच्याकडे बघतच राहिली. यात गूळ फार झाला, हे तिला कळत होते. पण इतकी देखणी नथ तिने जन्मात केली नव्हती. ती मोडून टाकायला तिचा हात धजला नाही.

घट बसले. काठीला दागिने टांगले. आणि मग जे घडले, ते सांगताना हौसाबाईचा आवाज जरा खाली येतो. सगळे गाव उपाशी होते. त्या गावाच्या डोक्यावर गोड खाणे टांगलेले होते. माणसे रोज दर्शनाला येत, वर बघत, आवंढा गिळत आणि हात जोडून परत जात. कुणी हात वर केला नाही. आईच्या कडेवरची पोरे बोट दाखवून रडत, आया त्यांची तोंडे पदराने झाकून बाहेर नेत. पाटीवर कोरायचे असेल तर हे कोरा, असे हौसाबाईचे म्हणणे आहे.

ठकूबाई देवळातच राहिली. मध्येच आभाळ भरून यायचे. पाऊस पडायचा नाही, नुसता दमट वारा सुटायचा. कडाकण्या मऊ पडू लागल्या की ती खाली शेगडी ठेवायची आणि पदराने ऊब वर घालायची. बाकीच्या दागिन्यांची तिला काळजी नव्हती. तिचे डोळे नथीवर असायचे. नथ जराशी कलली तरी ती उठून शेगडी नथीखाली सरकवायची. साऱ्या गावाचा घास तिने रंगापायी टांगणीला लावला होता, आणि हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते.

आठव्या माळेचा मान पाटलांच्या घरचा. त्या संध्याकाळी पाटलाची सून सारजा माळ घेऊन आली. पोटुशी होती, सातवा सरत आला होता. ठकूबाईने तिला बसवले आणि स्वतः निखारे आणायला खाली गेली. परत आली तेव्हा माळ घातलेली होती आणि सारजा निघून गेली होती. अंधारले होते. ठकूबाईने शेगडी फुंकली आणि खांबाला टेकली. बऱ्याच दिवसांनी तिचा डोळा लागला.

नवमीच्या सकाळी गुरवाने दिवा वर धरला आणि तो तसाच उभा राहिला. नथीच्या जागी नुसता दोरा होता.

बातमी डोंगर उतरून गेली आणि सगळे गाव वर आले. पाटील आला, वडारी आले. गुरव म्हणाला, खाली तुकडा नाही, चुरा नाही. पाटील म्हणाला, "पडली आसंल, उंदरानं नेली आसंल. ठकूबाई, आईनं कौल दिला. आता वाद नगं."

जन्मभर वाद घातलेली बाई त्या दिवशी बोलली नाही. तिला वाटले, गूळ. माझाच गूळ. एका नथीच्या रंगासाठी म्या गाव घालवलं. तिने कोपऱ्यातले तेलाचे रिकामे गाडगे उचलले आणि देवीला पाठ न दाखवता पायरीकडे सरकू लागली. तिकडे वडाऱ्यांचा म्होरक्या आपल्या माणसांना म्हणाला, "चला, पहारी बांधा."

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सारजा पुढे आली. सासऱ्यासमोर ती कधी उभी राहिली नव्हती. खांबाचा आडोसा धरून, पदर ओढून ती म्हणाली, "मामंजी, नथ पडली न्हाई."

"मग कुठं गेली?"

"म्या खाल्ली."

पाटलाचा चेहरा उतरला. "घरात काय कमी..." एवढेच तो बोलू शकला.

"घरात कोठी भरली हाय, हे गावाला ठावं हाय," सारजा म्हणाली. "कोठीची किल्ली तुमच्या कमरंला हाय, ते मला ठावं हाय. सांजच्याला अर्धी भाकरी मिळती, मामंजी. आमी दोन जीव हावं."

खरे म्हणजे पाटलाने त्या कोठीतून स्वतःही पोटभर खाल्ले नव्हते. पुढचे वर्ष कसे जाईल, या भीतीने त्याने चालू वर्ष बंद करून ठेवले होते.

ठकूबाईने गाडगे खाली ठेवले. ती सारजेपाशी गेली, तिची हनुवटी वर केली आणि तिने एकच विचारले, "कशी लागली?"

"गोड," सारजा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "समद्यांत लाल तीच व्हती. वास यायचा तिचा. म्या लई धरून ठिवलं मनाला."

ठकूबाई हसली. आठ दिवस ज्या चुकीने तिला झोपू दिले नव्हते, ती चूक एका पोटुशीच्या पोटात सुखाने पडली होती. मग तिचा आवाज परत आला, आणि तो साऱ्या देवळाने ऐकला.

"पाटील, ऐकलंत न्हवं? नथ पडली न्हाई. आईनं आपल्या नाकातली नथ उतरून लेकीला चारली. तिला नटायचं आसतं तर तिनं ती दिली आसती व्हय? आता हिच्यापरीस मोठा कौल कुठला पायजे तुमाला?"

सारजेने आपल्या नाकातली सोन्याची नथ काढली आणि देवीपुढे ठेवली. "दागिन्यांत ही बी धरा," ती म्हणाली.

पाटलाने कमरेचा जुडगा सोडला. पहिली किल्ली देवीच्या पेटीची दिली आणि दुसरी कोठीची. काही जण सांगतात, दुसरी किल्ली सुनेनेच ओढून घेतली. हौसाबाई म्हणते, किल्ली निघाली हे खरे, बाकीचे ज्याचे त्याने ठरवावे.

दसऱ्याला काठीवरचे दागिने उतरवले, मोडले आणि पहिला वाटा वडाऱ्यांना दिला. चांदी विकून आणलेले धान्य येईपर्यंत कोठीतले धान्य पुरले. माघात विहिरीला पाणी लागले. म्होरक्याने पहिला पोहरा वर काढला तो ठकूबाईच्या पायांवर ओतला. ती त्याच्यावर ओरडली म्हणे, की पाणी सांडतोस कशाला, पोरास्नी पाज. सारजा सुखरूप बाळंत झाली होती. तिची लेक त्या पाण्याने न्हाली.

पुढे बरे दिवस आले. पाटलाने हौसेने देवीला सोन्याची नथ घडवून आणली. नाकात अडकवली की ती निसटायची. गुरवाने मेण लावून पाहिले, दोरा बांधून पाहिला, नथ राहीना. शेवटी म्हातारी ठकूबाई म्हणाली, "तिनं ती एकदा दिली न्हवं? दिलेलं कुणी माघारी घेतं व्हय?" पाटलाने नथ परत नेली आणि ती मोडून विहिरीला पायऱ्या बांधल्या.

पाटीवर ठकूबाईचे नाव नाही. सारजेचे तर नाहीच. वडाऱ्यांना त्या सोनेरी अक्षरांत एका शब्दाची जागा मिळालेली नाही. मागच्या साली एका धनवंताने देवीला चांदीची प्रभावळ आणि नथ देऊ केली. समिती राजी होती. गावच्या बायका परात घेऊन समितीच्या दारात जाऊन बसल्या आणि प्रभावळ आल्या गाडीने परत गेली.

पाटी काहीही म्हणो, आजही घटस्थापनेच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरातून मूठभर पीठ येते आणि कुणाचे कुठले हे न विचारता एकाच परातीत पडते. आजही सगळ्यात शेवटी परात खरवडून, गुळाचे मडके धुऊन एक नथ तळतात. ती टांगत नाहीत. घट बसवायच्या वेळी डोंगरावर जी पोटुशी असेल तिला देतात, मग ती गावची असो, परगावची असो, की रस्त्याच्या कामावर खडी टाकायला आलेली असो. यंदा तशीच एक होती. डोक्यावरचे घमेले उतरवून ती नळावर पाणी प्यायला आली होती. हौसाबाईने तिला हाताला धरून देवीपुढे बसवले आणि लाल नथ तिच्या ओंजळीत ठेवली. पोरगी बावरली. हात मळके आहेत म्हणाली. "खा गं," हौसाबाई म्हणाली, "ठकूबाईचं हात बी पिठानं मळकंच व्हतं."

पोरीने नथ खाल्ली. हौसाबाईने तिची हनुवटी वर केली आणि विचारले, "कशी लागली?"

हा रिवाज आहे, याला ठरलेले उत्तर आहे, हे त्या पोरीला कुणी सांगितले नव्हते. तिने ओठाला लागलेला गूळ जिभेने टिपला.

"गोड," ती म्हणाली.

मग बायकांनी घट बसवायला घेतला.