चढावर खोकलेलं इंजिन

मोटारी आपसांत बोलत असत त्या काळची ही गोष्ट. मिरजेच्या दस्तगीर मिस्त्रींनी एका जुन्या मोटारीच्या इंजिनाला हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे नवे, चकचकीत पाइप बसवले. इंजिन असं फुशारलं की त्याचा आवाज तीन गल्ल्यांपर्यंत ऐकू जाऊ लागला.

"अरे, हवा वाढली तर पेट्रोलही वाढायला हवं. आधी माझ्याशी जुळवून घे," हवेत पेट्रोल मिसळून देणारा शेजारचा कार्बोरेटर म्हणाला.

"तू गप बस, म्हाताऱ्या!" इंजिन गुरगुरलं. खरं तर दोघं एकाच दिवशी जन्मलेली.

मिस्त्रींनी मोटार चाचणीसाठी घाटात नेली. इंजिन छाती भरभरून हवा ओढू लागलं, पण पेट्रोल पूर्वीइतकंच येत होतं. अर्ध्या चढावर ते खोकलं, फटफटलं आणि बंद पडलं. मागची बैलगाडी शांतपणे पुढे निघून गेली. एका बैलाने जाताजाता वळून पाहिलं, ते इंजिनाला फार लागलं.

मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरवर वाकले.

"दादा," इंजिन कार्बोरेटरला हळूच म्हणालं, "थोडं पेट्रोल वाढवता का?"

"आता कसं माणसात आलंस!" कार्बोरेटर हसला, आणि त्याने मिस्त्रींना स्क्रू फिरवू दिला.