रेवाबाईंचा काठ

शके अठराशे एक्कावन्न, मार्गशीर्ष महिना, हिवाळ्याचे दिवस. इंग्रजी गणनेने ते एकोणीसशे एकोणतीस साल होते. गोष्ट जुनी झाली म्हणून ती मोघम सांगावी असे नाही. त्या महिन्यात वैनगंगेच्या तीरावरील सावरटोला या विणकरांच्या गावी रेवाबाई मास्तरीण आल्या.

गावात घरोघरी माग होते आणि त्यांवर करवतकाठी लुगडी विणली जात. काठावर करवतीसारखे दात ओळीने उमटत. सगळे दात सारखे असणे, हीच तेथील विणकराची अब्रू. मुले कळती झाली की मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरत. शाळेचे नाव कोणी काढीत नसे.

रेवाबाईंनी पाट्या पेटीतच ठेवल्या. मुलांना शाळेच्या अंगणात उभे करून त्यांनी शब्द फोडण्याचा खेळ मांडला. एका अक्षराला एक टाळी. ‘पा-णी’ म्हटले की दोन, ‘प-ळ-स’ म्हटले की तीन, ‘वै-न-गं-गा’ म्हटले की चार. कधी टाळीऐवजी उडी, कधी चिंचोका. मुले हातातली कांडी टाकून धावत येऊ लागली. पिंपळावरचे पोपटसुद्धा अक्षरे सुटी करून बोलू लागले, असे म्हणतात.

डोमाजी निपाने यांची कौतिका या खेळात सर्वांच्या पुढे. घरी कांड्या भरतानाही ती शब्द फोडी आणि मांडीवर टाळी देई. पौषातल्या एका दुपारी मागावर बसलेल्या डोमाजींचे काठाचे धागे मोजणे सुटले आणि हात लेकीच्या टाळीमागे गेला. पाण्याला लहान दात, पळसाला मधला, वैनगंगेला मोठा. लुगडे मागावरून उतरले तेव्हा सारा काठ विषम होता.

डोमाजी ते खांद्यावर टाकून शाळेत आले. “बाई, तुमच्या टाळीनं माह्या काठाची वाट लावली.”

“टाळी माझी, डोमाजी. हात तुमचा होता.”

“हात माहाच, पण कान पोट्टीचे झाले ना बाप्पा!”

जमलेले लोक हसले. पण दुसऱ्या दिवशी अंगणात एकही मूल आले नाही. पंचांनी ठरवले, वसंत पंचमीला झिबलबुवा पराते लुगडे पाहतील. ते नासले म्हणाले तर शाळा बंद, आणि बाईंनी गाव सोडावे. झिबलबुवा गावातले सर्वांत वृद्ध विणकर. त्यांचे डोळे गेले होते. काठ ते बोटांनी पारखीत आणि त्यांचा शब्द अखेरचा असे.

तोवर रेवाबाई रोज वेळेवर घंटा देत, रिकाम्या अंगणात उभ्या राहत आणि एकेका मुलाचे नाव टाळ्यांत म्हणत. ती टाळी ऐकू आली की गावातला प्रत्येक माग क्षणभर आपोआप थांबे, असे म्हणतात.

ठरल्या दिवशी सारा गाव पारापाशी जमला. बुवांनी काठावर बोट ठेवले आणि सावकाश पुढे नेले. मग ते पुन्हा मागे आले.

“पाणी,” ते म्हणाले. “पळस. वैनगंगा.”

कौतिकेच्या टाळ्या आपसूक पडू लागल्या. बुवांनी त्या खेळातला एकही शब्द पूर्वी ऐकलेला नव्हता, असे म्हणतात.

“डोमा, सारखे दात त कोनाचेही असते,” बुवा म्हणाले. “हा काठ तुह्याच घरचा हाय, हे माह्या बोटाले समजते. शाळा बंद केली त उद्या हा वाचनार कोन?”

डोमाजी खाली पाहत म्हणाले, “मंग पोट्टीले उद्यापासून धाडू?”

“उद्या काहून? आज दिवस मावळला काय?”

रेवाबाई तोवर घंटेपाशी पोहोचल्या होत्या.

सावरटोल्यात आजही मूल पहिल्यांदा शाळेला निघते तेव्हा घरातला विणकर त्याच्यासाठी वीतभर पट्टी विणतो. तिच्यावर त्या मुलाच्या नावाच्या मापाचा एकच दात असतो. मूल त्यावर बोट फिरवते, आपले नाव टाळ्यांत म्हणते आणि मगच उंबरा ओलांडते. त्या पट्टीला रेवाबाईंचा काठ म्हणतात. बुवांनी निवाडा दिला आणि गावाने तो मानला, तो दिवस शके अठराशे एक्कावन्न, माघ शुद्ध पंचमी.