पाच कुलपांची मोरी

फार पूर्वीची, राजाशिवाय गाव चालतं का हे लोक नुकतंच एकमेकांना विचारू लागले होते तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक मोठा तलाव होता आणि तलावाखाली पाच गावं होती. तलावाच्या बांधात पाणी सोडायची मोरी होती, मोरीला लोखंडी दार होतं, दाराला कुलूप होतं आणि त्या कुलपाची किल्ली राजाच्या कमरेला होती.

राजाची मर्जी असली की पाणी, नसली की ठणठणाट. टेकाडी गावच्या लोकांनी त्याच्या मिरवणुकीत पुरेशी मान लववली नाही, म्हणून त्यानं त्यांचं उभं पीक वाळवलं होतं. शेवटी पाचही गावांचा संयम सुटला. तळवाडीची एक कुंभारीण पुढे झाली. तिला सगळे आक्का म्हणत. ती राजवाड्याच्या दारात ठाण मांडून बसली, तिच्यामागे पाच गावं येऊन बसली, आणि राजाला मागच्या दारानं पळून जावं लागलं.

आता किल्ली कोणाकडे द्यायची?

"कोणाकडेच नको," आक्का म्हणाली. "एकाच्या कमरेला किल्ली गेली की तो राजा झालाच म्हणून समजा."

मग मोरीच्या दाराला पाच कुलपं लागली आणि प्रत्येक गावाला एकेक किल्ली मिळाली, तळवाडीची आक्काकडे, बाकीच्या त्या त्या गावच्या पाटलाकडे. पाचही गावं 'हो' म्हणतील तेव्हाच दार उघडायचं असं ठरलं. शिवाय एक सभाही नेमली. या सभेची गंमत अशी, की तिला विनंती करता येई, हुकूम करता येत नसे. सभा भरे, ठराव होई, सगळे माना डोलवत, गूळ-शेंगदाणे खात आणि गावी जाऊन ठराव विसरत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. या पाच गावांनी ताक इतकं फुंकलं की प्यायचंच राहून गेलं.

एका साली टेकाडीचा पाट वाहून गेला. प्रत्येक गावानं मदतीला माणसं पाठवावीत, असा सभेनं ठराव केला. आक्का आली आणि माती वाहायला तिची गाढवं आली. बाकी कोणी फिरकलं नाही. टेकाडीच्या पाटलानं ते लक्षात ठेवलं.

मग हस्ताचा पाऊस आला. थांबायचं नावच घेईना. तलाव काठोकाठ भरला, आणि एका सकाळी बांधाच्या मधोमध गढूळ पाणी पाझरू लागलं. बांध फुटला असता तर तळवाडी होत्याची नव्हती झाली असती. तिथली माणसं लेकरं, गुरं घेऊन चढावर निघाली, पण अंथरुणाला खिळलेले म्हातारे, भरलेल्या कणग्या, घरदार सगळं मागेच होतं. चार गावांच्या किल्ल्या धावत मोरीवर आल्या. पाचवी, टेकाडीची, आली नाही.

टेकाडीची घरं उंचावर होती, पण भातशेती मोरीच्या तोंडाशी होती. दार उघडलं की सगळं भात आडवं होणार होतं.

"कुलूप फोडा," लोक म्हणाले. लोहारानं घण उचललासुद्धा.

आक्का आडवी आली. "आज आपण घण घेऊन आलो. उद्या ज्याचा घण मोठा, तो राजा. मला एकदा त्याच्याकडे जाऊन येऊ द्या."

"आणि तोवर बांध फुटला तर?"

"तर पहिलं घर माझंच जाईल," आक्का म्हणाली. आणि ती निघाली. बाकीचे तीन पाटीलही आपापल्या किल्ल्या घेऊन तिच्यामागे गेले.

टेकाडीचा पाटील ओसरीवर भाताकडे बघत बसला होता.

"पाटील, किल्ली द्या," आक्का म्हणाली.

"आक्का, भात निसवलंय, लोंब्या बाहेर पडल्यात. दार उघडलं की आमचं वर्ष गेलं. बांध फुटेलच असं कोणी सांगावं? भात मात्र जाणारच."

"जाईल ते पाच गावं मिळून भरून देऊ."

पाटील हसला. "देणार कोण, सभा? पाट गेला तेव्हाही ठराव झाला होता. आलं कोण, तर तुम्ही आणि तुमची गाढवं. आणि 'नाही' म्हणायचा हक्क मला दिला कोणी? तुम्हीच ना? नियम तुमचाच आहे, आक्का."

 या नियमाचा आक्काला केवढा अभिमान होता. नातवंडांना मांडीवर घेऊन तिनं तो सांगितला होता. आता तिला तो नकोसा वाटू लागला.

"नियम माझाच," ती म्हणाली. "आणि तो चुकलाय. एकानं सगळ्यांना नाडू नये म्हणून मी तो केला. आज एकच माणूस सगळ्यांना नाडतोय." तिनं तळवाडीची किल्ली काढून पाटलाच्या हातावर ठेवली. "तुमचं भात भरून मिळेपर्यंत ही तुमच्याकडे राहू द्या. आमचा 'नाही' म्हणायचा हक्क आता तुमच्या हातात. उन्हाळ्यात आम्हाला पाणी लागेल, तेव्हा तुमच्या दारात यावंच लागेल. याहून मोठा भरवसा माझ्याकडे नाही."

मागे उभ्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुरकुरत का होईना, त्यांनीही आपापल्या किल्ल्या पाटलाच्या हातावर ठेवल्या.

पाटील उठला. त्यानं स्वतः बांधावर जाऊन पाचही कुलपं उघडली. पाणी धडधडत बाहेर पडलं, टेकाडीचं भात त्याच्या डोळ्यांदेखत चिखलात गेलं आणि हळूहळू बांधाचा पाझर थांबला. लोक तिथंच चिखलात बसले. कोणी रडत होतं, कोणी हसत होतं. आक्का दोन्ही करत होती.

तेवढ्यात एक म्हातारा पाटलापुढे आला आणि कमरेत वाकून म्हणाला, "पाटील, आमच्यावर लोभ असू द्या."

राजापुढे वाकत, तसाच तो वाकला होता. पाटलानं आपल्या हाताकडे पाहिलं. पाचही किल्ल्या त्यात होत्या. खोटं कशाला सांगू, घटकाभर त्याला ते आवडलं. मग त्याला वाळलेलं पीक आणि त्या वर्षी उपाशी निजलेली आपली लेकरं आठवली. त्यानं म्हाताऱ्याला खांदे धरून सरळ उभं केलं आणि किल्ल्या बांधावरच्या दगडावर ठेवून दिल्या.

"पाच हातांत पाच किल्ल्या असल्या की गाव बुडायला येतं," तो म्हणाला. "एका हातात पाच आल्या की माणसं वाकायला लागतात. मधलं काहीतरी शोधलं पाहिजे. शोधल्याशिवाय कोणी उठायचं नाही."

"आणि गूळ-शेंगदाणे?" कोणीतरी विचारलं.

"काम झाल्यावर."

देवळाच्या मंडपात पाचही गावं बसली. भांडणं झाली, आणि ती चांगली कडाक्याची झाली. मोठी गावं म्हणाली, आमची माणसं जास्त, आमचं जास्त ऐका. छोटी म्हणाली, गाव ते गाव. अखेर काही गोष्टी माणसं मोजून आणि काही गावं मोजून ठरवाव्यात, असं निघालं. मोरीला एकच कुलूप राहील. किल्ली सांभाळायला एक राखणदार सगळ्यांनी मिळून वर्षापुरता निवडायचा. पाणी बांधावरच्या खुणेला लागलं की दार उघडायचं, मग शेत कोणाचंही असो. ज्याचं नुकसान होईल त्याला सामाईक कोठारातून धान्य द्यायचं, आणि त्या कोठारात प्रत्येक गावानं सुगीला आपला वाटा घालायचाच. राखणदार मनमानी करू लागला तर तीन गावांनी मिळून त्याला काढायचं.

तेव्हा एक शेळ्या राखणारी बाई उठली. "राखणदारानं काय करावं ते झालं. काय करू नये ते कुठाय? सभेविरुद्ध बोलले म्हणून माझं पाणी तोडलं तर?"

 मग तेही लिहिलं गेलं, ठळक.

"अजून एक," आक्का म्हणाली. "माझा नियम चुकला, तसे हेही कधी चुकतील. ते बदलायचे कसे, तेसुद्धा लिहा. एकाच्या लहरीनं बदलू नयेत, आणि एकाच्या हट्टापायी अडूही नयेत."

हे सगळं दगडावर कोरलं, तो दगड मोरीपाशी उभा केला, आणि मग कुठं गूळ-शेंगदाणे वाटले गेले.

त्या साली कोठार अजून रिकामं होतं, म्हणून टेकाडीची भरपाई पाटलाला गावोगाव फिरून गोळा करावी लागली. पुढच्या साली हस्त पुन्हा तसाच कोसळला. पाणी खुणेला लागलं तसं राखणदारानं दार उघडलं. कोणाला विचारायला गेला नाही, आणि कोणी विचारलंही नाही. तळवाडीच्या चुली त्या दिवशी रोजच्यासारख्या पेटल्या. टेकाडीचं भात मात्र पुन्हा गेलं.

पाऊस ओसरल्यावर टेकाडीच्या पाटलानं पागोटं बांधलं. सभेपुढे काय बोलायचं, कोणाला कशी गळ घालायची, हे मनात घोळवत तो वेशीपाशी आला. तिथं कोठाराच्या धान्यगाड्या येऊन उभ्या होत्या. गाडीवान बैल सोडत होते.

 पाटलानं पागोटं काढून वेशीच्या दगडावर ठेवलं आणि तो पोती उतरवू लागला.

तात्पर्य: अधिकार द्यावा, पण त्याला नियमाची वेसण घालून, आणि चुकलेला नियम आपलाच असला, तरी तो बदलायला लाजू नये.